चालू स्थितीतला जुना संगणक शाळेला देताना

मुंबईतल्या कार्यालयांत संगणक बिघडला म्हणून बदलला जातो असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा त्याची मुदत संपलेली असते. कंपनी कायद्यानुसार डेस्कटॉप आणि लॅपटॉप यांचे उपयुक्त आयुष्य हिशेबापुरते ३ वर्षे धरले जाते, वॉरंटीही बहुधा त्याच सुमारास संपते, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबल्यावर तर धडधाकट असूनही विंडोज ११ च्या अटींत न बसणारी असंख्य यंत्रे एकदम ‘जुनी’ ठरली. घरांतही फारसे वेगळे चित्र नाही. टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन वर्गासाठी घेतलेला संगणक मुले महाविद्यालयात गेल्यावर माळ्यावर चढतो आणि पुढच्या रंगकामाच्या वेळी भंगारवाल्याकडे वजनावर जातो. हेच यंत्र एखाद्या रात्रशाळेत, अनुदानित शाळेत किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेत आणखी काही वर्षे सहज काम करू शकते.

ते कसे द्यावे, याची माहिती येथे दिली आहे. या संपूर्ण प्रक्रियेत एकच कसोटी लावावी असे मला वाटते: संगणक ज्या दिवशी शाळेत पोहोचेल, त्या दिवशी शाळेने एकही रुपया खर्च न करता आणि बाहेरचा तंत्रज्ञ न बोलावता तो विद्यार्थ्यांसमोर चालू झाला पाहिजे. ही कसोटी कडक वाटेल. पण तिच्याखाली उतरलेल्या देणग्यांचे काय होते, हे अनेक शाळांच्या जिन्याखालच्या खोल्यांत पाहायला मिळते. उपनगरातल्या एका शाळेत एका कार्यालयाकडून आलेले चांगले मॉनिटर आणि चांगले सीपीयू महिनोन्‌महिने तसेच पडून राहिलेले मी पाहिले आहेत. मॉनिटरला फक्त व्हीजीएची जोडणी होती, सीपीयूला फक्त डिस्प्लेपोर्ट होते आणि मधला कन्व्हर्टर कोणीच दिला नव्हता. एका किरकोळ वस्तूसाठी शाळेला खरेदीचा प्रस्ताव करावा लागणार होता, आणि तो कोणी केला नाही.

आधी घेणारा, मग यंत्र

यंत्र झाडून-पुसून तयार ठेवायचे आणि मग ते कोणाला द्यायचे याचा शोध घ्यायचा, असा आपला स्वाभाविक क्रम असतो. तो उलटा करावा. कोणत्या वर्गासाठी, किती वेळ, कोणत्या खोलीत आणि कोणाच्या देखरेखीखाली संगणक वापरले जाणार आहेत, हे कळल्याशिवाय कोणती यंत्रे योग्य हेच ठरत नाही.

मुंबईतल्या रात्रशाळांचे उदाहरण घ्या. दिवसा काम करून संध्याकाळी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या या शाळा बहुधा दिवसाच्या शाळेच्या इमारतीत, तिच्याच बाकांवर भरतात. तिथला संगणक कक्ष दिवसाच्या शाळेचा असतो आणि त्याची किल्लीही तिच्याकडेच असते. अशा शाळेला दहा डेस्कटॉप दिले, तर ते ठेवायचे कुठे हा पहिलाच प्रश्न उभा राहतो. त्याऐवजी कुलपाच्या लोखंडी कपाटात मावतील असे पाच-सहा लॅपटॉप दिले तर त्यांचा रोज वापर होतो. चाळीतल्या मंडळाच्या किंवा बुद्धविहारातल्या अभ्यासिकेची गरज आणखी निराळी असते. तिथे शिकवणारे कोणी नसते, मुले स्वतःच्या स्वतः बसतात, आणि स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरणे, जुन्या प्रश्नपत्रिका पाहणे, टंकलेखनाचा सराव करणे ही मुख्य कामे असतात. त्यासाठी मोठ्या पडद्याचे दोन-तीन डेस्कटॉप आणि एक चांगला प्रिंटर पुरतो.

शाळेशी बोलताना मुख्याध्यापकांना थेट विचारावे असे काही प्रश्न आहेत. संगणक विषय कोण शिकवते, आणि त्या शिक्षकांची बदली झाली तर दुसरे कोण आहे? खोलीत आत्ता किती चालू प्लग आहेत, आणि त्यांना अर्थिंग आहे का? खिडकीला जाळी आणि दाराला कुलूप आहे का? पावसाळ्यात कोणती भिंत ओली होते? हा शेवटचा प्रश्न मुंबईत सोडून चालत नाही. शक्य असल्यास प्रत्यक्ष जाऊन खोली पाहावी. ‘साहेब, तुम्ही आधी द्या तर खरे, मग आम्ही बघतो’ असे उत्तर आले, तर मी थोडे थांबेन. खोलीची आणि शिक्षकाची व्यवस्था झाल्यावर द्यावे.

परवानगीचा मुद्दाही येथेच मिटवावा. खासगी अनुदानित शाळेत संस्थेच्या व्यवस्थापनाचा लेखी होकार घ्यावा. महानगरपालिकेच्या शाळेत एकट्या मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर विसंबू नये. शिक्षण विभागाच्या कार्यालयाकडून लेखी पत्र मिळवण्याचा आग्रह धरावा, कारण उद्या मुख्याध्यापक बदलले तरी पत्र फाइलमध्ये राहते. महापालिकेच्या शाळा मराठीबरोबरच हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा माध्यमांतही चालतात. त्यामुळे शाळेचे माध्यम आधी कळले, तर कळफलक आणि फाँट यांची तयारी त्याप्रमाणे करता येते.

काय द्यावे, काय देऊ नये

६४-बिट प्रोसेसर, निदान ४ जीबी रॅम आणि न अडखळता चालू होणारे यंत्र ही किमान मर्यादा धरावी. ८ जीबी रॅम असेल तर उत्तम, कारण आज केवळ ब्राउझरच ४ जीबी सहज खातो. जुन्या यंत्रात हार्ड डिस्क असेल, तर ती काढून १२० किंवा २४० जीबीची साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, म्हणून वेगवान डिस्क) बसवणे हा सर्वांत फायदेशीर खर्च आहे; तीन मिनिटे उघडत बसणारे यंत्र त्याने अर्ध्या मिनिटात उघडते, आणि तीस-पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हा फरक फार मोठा असतो. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, डीडीआर३ सारखी जुन्या पिढीची रॅमही वापरलेल्या स्थितीत मिळते. एकाच खोलीसाठी देताना शक्यतो एकाच जातीची यंत्रे द्यावीत. सारखी सहा यंत्रे निरनिराळ्या प्रकारच्या दहा यंत्रांपेक्षा शाळेला अधिक उपयोगी पडतात, कारण एकाचा बिघडलेला भाग दुसऱ्यातून काढून बसवता येतो आणि शिक्षकांना एकच पद्धत लक्षात ठेवावी लागते.

जाड काचेचे सीआरटी मॉनिटर देऊ नयेत. त्यांच्या काचेत शिसे असते, वीज जास्त लागते, आणि ते फुटले तर शाळेपुढे विल्हेवाटीचा प्रश्न उभा राहतो. फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप कोणत्याही परिस्थितीत वर्गात जाऊ नये. बॅटरी काढून, अडॅप्टरवर नीट चालत असेल तरच द्यावा आणि तसे स्पष्ट लिहून द्यावे. महाग शाईचे इंकजेट प्रिंटरही टाळावेत. लेझर प्रिंटर टोनरसह दिल्यास शाळा आनंदाने घेते. यूपीएस द्यायचा असेल तर त्याची बॅटरी नवी घालून द्यावी. जुनी शिसे-आम्लाची बॅटरी दुकानदाराला परत करता येते, बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ मध्ये त्याची तरतूद आहे.

माहिती पुसणे

देणाऱ्याच्या मनात खरी भीती असते ती आपली माहिती दुसऱ्याच्या हाती जाण्याची, आणि ती रास्त आहे. गृहसंस्थेचे हिशेब, बँकेची विवरणे, आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती, ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड आणि घरातले फोटो असे सगळे त्या डिस्कवर असते. फाइल डिलीट केली किंवा डिस्क झटपट फॉरमॅट केली, तर बहुधा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर जागच्या जागी राहतो, आणि फोटोरेकसारख्या मोफत साधनाने तो कोणालाही परत काढता येतो. ग्राहकांची किंवा कर्मचाऱ्यांची माहिती असलेल्या कार्यालयांवर तर डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ याच्या तरतुदीही ध्यानात घ्याव्या लागतात.

पुसण्याआधी जे जपायचे ते दुसरीकडे उतरवून घ्यावे आणि प्रत उघडून पाहावी. त्यानंतर परवाने मोकळे करावेत: टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना सरेंडर करावा, ब्राउझर आणि ईमेलच्या खात्यांतून बाहेर पडावे, मोबाइलमधल्या व्हॉट्सॲपवरून ते यंत्र ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून काढावे. सीपीयूच्या मागच्या बाजूला बोटाएवढे डिजिटल सिग्नेचरचे टोकन अडकवलेले राहिले नाही ना, हे वाकून पाहावे. लेखापालांच्या यंत्रांत ते हमखास राहते, आणि ज्याच्या हाती पडते त्याच्या हाती अक्षरशः सही जाते.

प्रत्यक्ष पुसण्याची पद्धत डिस्कच्या प्रकारावर अवलंबून आहे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर तिच्यावर एकदा पूर्ण शून्ये लिहिणे सर्वसाधारण वापरासाठी पुरेसे आहे. सात-सात वेळा पुसावे लागते हा समज जुन्या काळातला आहे. माहिती नष्ट करण्याविषयीची अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेची ८००-८८ क्रमांकाची मार्गदर्शिका, जी जगभर प्रमाण मानली जाते, तीही एकदा लिहिणे पुरेसे मानते. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या एनवाइप या मोफत साधनाने हे करता येते. डिस्क मोठी असेल तर काही तास लागतात, म्हणून रात्रभर लावून ठेवावे. एसएसडीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या आतला नियंत्रक झीज सारखी पसरावी म्हणून मजकूर स्वतःच्या मर्जीने निरनिराळ्या कप्प्यांत हलवतो. त्यामुळे वरून शून्ये लिहिली तरी काही कप्पे न पुसलेले राहू शकतात. एसएसडीसाठी उत्पादकाच्या साधनातील किंवा काही यंत्रांच्या बायॉसमध्येच (यंत्र चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीत) असलेला ‘सिक्युअर इरेज’ हा पर्याय वापरावा. त्याला काही मिनिटेच लागतात.

घरचा एखादाच विंडोज संगणक असेल आणि या सगळ्याची सवय नसेल, तर सेटिंग्जमधून ‘रीसेट धिस पीसी’ निवडावे, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ घ्यावे, आणि पुढे ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘क्लीन डेटा’ चालू करायला विसरू नये. हा शेवटचा पर्याय मूळचा बंद असतो आणि तोच महत्त्वाचा आहे. कार्यालयाने मात्र यंत्राच्या अनुक्रमांकासह, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या दिवशी पुसले याची यादी करून त्यावर जबाबदार व्यक्तीची सही घ्यावी, आणि पुसलेल्या यंत्रांपैकी एखादे निवडून त्यावर फोटोरेक चालवून काही निघते का ते पाहावे. इतके करूनही धोरणानुसार डिस्क बाहेर देता येत नसेल, तर डिस्क काढून घ्यावी, पण तिच्या जागी नवी एसएसडी घालावी. डिस्कविना दिलेला संगणक आपल्या कसोटीत बसत नाही.

पासवर्डसारख्या कुलपांचा विषय याहून कमी बोलला जातो, पण त्याने जास्त घोटाळे होतात. बायॉसचा पासवर्ड काढावा. कंपनीचा लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट व्यवस्थेत नोंदलेला असेल, तर डिस्क पुसून नवे विंडोज टाकले तरी इंटरनेट मिळताच तो कंपनीचाच लॉगिन मागतो. ती नोंद कंपनीच्या आयटी विभागानेच काढावी लागते. ॲपलच्या यंत्रावर ‘फाइंड माय’ बंद करून आयक्लाउडमधून बाहेर पडले नाही, तर ॲक्टिव्हेशन लॉक लागतो आणि शाळेच्या हाती एक सुंदर पण निरुपयोगी पत्रा येतो.

झाडलोट आणि तपासणी

सीपीयूचे एका बाजूचे पान उघडले की वर्षानुवर्षांची धूळ पंख्याभोवती नमद्यासारखी बसलेली दिसते. रंगाच्या कोरड्या ब्रशने ती सैल करून ब्लोअरने उडवावी, आणि उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. मुंबईच्या दमट, खारट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक थर चढतो. यंत्र चालू होते, बीप-बीप करते आणि पडदा काळाच राहतो. ही तक्रार असलेली कितीतरी यंत्रे ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून भंगारात जातात. वीज पूर्ण काढून रॅमची पट्टी बाहेर घ्यावी, शाळकरी खोडरबराने त्या पट्ट्या हळुवार घासाव्यात, कपड्याने पुसून परत ‘टक्’ आवाज होईपर्यंत दाबून बसवावी; बहुतेक वेळा पडदा उजळतो. मागच्या बाजूच्या रिकाम्या खाचांची झाकणे गायब असतील, तर तीही बसवावीत. त्या फटींतून झुरळे आणि पाली आत जातात, आणि वीजपुरवठ्याच्या डब्यात पाल मेली की यंत्रही जाते.

मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही रुपयाच्या नाण्यासारखी ३ व्होल्टची बॅटरी न विचारता बदलून टाकावी. ती संपलेली असली की यंत्र बंद करताच त्याचे घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जाते. दुसऱ्या दिवशी इंटरनेट जोडले की प्रत्येक संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ असे सांगून उघडायला नकार देते, कारण यंत्राच्या मते त्या संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नसते. शिक्षकांना वाटते की इंटरनेट बिघडले. इंटरनेटवाला येऊन वायर तपासून जातो, आणि दोष मात्र त्या नाण्याएवढ्या बॅटरीचा असतो.

याशिवाय मेमटेस्ट साधनाने रॅम रात्रभर तपासावी, डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद) पाहावा आणि ‘रीअलोकेटेड सेक्टर’चा, म्हणजे निकामी ठरलेल्या कप्प्यांचा, आकडा वाढत असल्यास ती डिस्क देऊ नये. लॅपटॉपची बॅटरी किती वेळ टिकते ते प्रत्यक्ष मोजून चिठ्ठीवर लिहावे. कळफलक उलटा करून झटकावा, माउसचे दोन्ही बटण दाबून पाहावेत. प्रत्येक यंत्राबरोबर त्याची पॉवर केबल, पडद्याची केबल आणि लागत असल्यास कन्व्हर्टर एकाच पिशवीत घालून, त्यावर यंत्राचा क्रमांक लिहावा.

आत काय घालावे

विंडोज ११ साठी टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची व्यवस्था) आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. यंत्र या अटींत बसत असेल आणि त्यावर मूळ परवाना असेल, तर विंडोजच ठेवावे. तो परवाना यंत्राबरोबर जातो. चोरीची प्रत घालून देऊ नये, मग शाळेने कितीही आग्रह केला तरी. अटींत न बसणाऱ्या यंत्रांवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घालावी. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबीच्या यंत्रावरही सुरळीत चालते, आणि विंडोजची सवय असलेल्या शिक्षकांना ती अनोळखी वाटत नाही. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने विकसित केलेले बॉस लिनक्सही भारतीय भाषांच्या सोयींसह मिळते. शाळेत एखादी परीक्षा विशिष्ट विंडोज सॉफ्टवेअरवरच होते का, हे मात्र आधी विचारून घ्यावे. तशी असेल तर निदान काही यंत्रे विंडोजचीच हवीत.

मराठीची सोय नीट करून देणे हे मला या सर्व तांत्रिक कामांत सर्वांत मोलाचे वाटते, आणि तेच बहुतेक देणगीदार विसरतात. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक विंडोज आणि लिनक्स दोन्हींत मुळातच असतो, तो फक्त चालू करावा लागतो; फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांतून टंकण्याच्या) पद्धतीची सवय असलेल्यांसाठी लिनक्सवर आयबस या टंकन साधनातून तीही जोडता येते. भाषा बदलण्याची कळ कोणती, हे छापून पडद्याच्या कडेला चिकटवावे. शिक्षकांच्या जुन्या प्रश्नपत्रिका मात्र पुष्कळदा श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडपूर्व (आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या आधीच्या) फाँटमध्ये टंकित केलेल्या असतात, आणि नव्या यंत्रावर त्या उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. अशा वेळी ‘लिनक्सवर मराठी दिसत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि यंत्रे बंद पडून राहतात. म्हणून देण्याआधीच शिक्षकांकडून दोन-तीन जुन्या फाइली मागून घ्याव्यात, त्या युनिकोडमध्ये बदलून दाखवाव्यात आणि पद्धत शिकवावी. प्रश्नपत्रिका आपल्या यंत्रावर काढता येते हे एकदा कळले की शिक्षक त्या यंत्राची काळजी स्वतः घेतात.

शाळेत इंटरनेट असेलच असे धरू नये. लिब्रेऑफिस, भूमितीसाठी जिओजेब्रा, लहान मुलांसाठी टक्सपेंट आणि जीकॉम्प्री ही सर्व साधने इंटरनेटविना चालतात. किविक्स या साधनाने मराठी विकिपीडिया पूर्णपणे डिस्कवर उतरवून ठेवता येतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात इयत्तेप्रमाणे फोल्डर करून ठेवावीत. पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिससारख्या विषयांचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठी आवाजातही उपलब्ध आहेत, आणि तेही उतरवून देता येतात. विद्यार्थ्यांसाठी साधे खाते आणि शिक्षकांसाठी वेगळे प्रशासकीय खाते करावे; या प्रशासकीय खात्याचा पासवर्ड पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांकडे द्यावा.

कागदपत्रे

घरून एक-दोन यंत्रे देणाऱ्याला साधे देणगीपत्र पुरते: यंत्राचे नाव, अनुक्रमांक, सोबत दिलेल्या वस्तू, ‘चालू स्थितीत, वापरलेले, विनामोबदला’ असा उल्लेख, तारीख आणि दोघांच्या सह्या. शाळेने ते यंत्र आपल्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंदवले का, हे पाहून त्या नोंदीचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. शाळेने सरकारला दरवर्षी द्यायच्या यूडायस माहितीतही संगणकांची संख्या द्यावी लागते, त्यामुळे ही नोंद शाळेलाही हवीच असते.

आयकराविषयी एक गैरसमज दूर करावा. ज्याला आपण ८०जीची वजावट म्हणतो ती केवळ पैशांच्या देणगीवर मिळते. वस्तू दिल्यास मिळत नाही. संस्थेने संगणकाची किंमत लावून तशी पावती देण्याची तयारी दाखवली, तरी ती घेऊ नये. कंपन्यांना आणखी एक गोष्ट पाहावी लागते: ज्या मालमत्तेवर इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतले आहे, ती कायमची दुसऱ्याला दिल्यास मोबदला नसला तरी जीएसटीच्या दृष्टीने तो पुरवठा ठरतो. म्हणून लेखापालांचा सल्ला आधी घ्यावा, टेम्पो दारात उभा राहिल्यावर नव्हे. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार वर्षात कधीही १००० किंवा त्याहून अधिक विद्युत उपकरणे वापरणारी संस्था मोठी ग्राहक ठरते आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत व्यवस्थेकडेच द्यायचा असतो. चालू यंत्र पुनर्वापरासाठी देणे म्हणजे टाकून देणे नव्हे. पण हे सिद्ध करण्यासाठी तपासणीची यादी आणि शाळेची पावती फाइलमध्ये असली पाहिजे. बंद यंत्रे ‘देणगी’च्या नावाखाली खपवणाऱ्यांची अडचण इथेच होते, आणि व्हायलाच हवी.

पोहोचवणे आणि बसवणे

आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, त्या सुमारास कार्यालये यंत्रे काढतात. मुंबईतल्या शाळा साधारण जूनच्या मध्यावर उघडतात. या दोहोंमधले एप्रिल आणि मे हे महिने तपासणीला आणि बसवण्याला सर्वांत सोयीचे. शाळेला सुटी लागल्यावर किल्ली कोणाकडे असते, शिपाई कोणत्या दिवशी येतात, हे आधी ठरवावे. पाऊस सुरू झाल्यावर वाहतूक करू नये; करावीच लागली तर प्रत्येक नग प्लास्टिकमध्ये गुंडाळून बंद टेम्पोतून न्यावा आणि पोहोचल्यावर काही तास कोरड्या खोलीत ठेवून मगच चालू करावा. एक-दोन डेस्कटॉप उपनगरात रिक्षाने नेता येतात, पण रिक्षा शीव आणि माहीमच्या दक्षिणेला येत नाही, तेव्हा परळ-लालबागच्या शाळेसाठी टॅक्सी किंवा छोटा टेम्पो ठरवावा. मॉनिटर आडवे रचू नयेत. उभे ठेवून, पडद्याला पडदा समोरासमोर आणि मध्ये जुनी चादर घालावी. सोसायटीच्या किंवा व्यापारी संकुलाच्या वॉचमनसाठी गेटपास आधीच करून घ्यावा. शाळा तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, हे मुंबईत नेहमीचे आहे. हमालीचे पैसे देणगीदारानेच द्यावेत.

खोलीत दहा डेस्कटॉप मॉनिटरसह एकाच वेळी चालू झाले, तर प्रत्येकी सुमारे १०० वॅट धरून १ किलोवॅटच्या आसपास भार येतो. तो एका प्लगवर एकाला एक जोडलेल्या एक्स्टेंशन बोर्डांवर टाकणे धोक्याचे आहे. वायरिंग अपुरे असेल, तर दोन यंत्रे कमी देऊन तेवढ्या पैशांत इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र एमसीबीची (जास्त भार आल्यास आपोआप बंद होणाऱ्या खटक्याची) लाइन ओढून घेणे शहाणपणाचे. बसवल्यावर शिक्षकांसोबत दोन तास बसावे आणि चालू-बंद करणे, मराठीत टंकणे, पेन ड्राइव्ह काढणे, छापणे ही कामे त्यांच्याच हातून करवून घ्यावीत. आपण माउस धरू नये. पावसाळ्यात वापर नसला तरी आठवड्यातून एकदा सगळी यंत्रे तासभर चालू ठेवावीत, त्या उबेने आतला दमटपणा जातो, हेही सांगून ठेवावे. पहिल्या महिन्यात फोनवर मदत करणारी एक व्यक्ती नेमून तिचा क्रमांक खोलीत लावावा.

देणगीपत्रात शेवटी आणखी एक कलम असावे: यंत्र पुढे दुरुस्तीपलीकडे गेले, तर त्याची विल्हेवाट कोणी आणि कशी लावायची. शाळेच्या नोंदवहीत चढलेली वस्तू निर्लेखन झाल्याशिवाय, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी केल्याशिवाय, बाहेर काढता येत नाही, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव कोणी करत नाही म्हणून बंद पडलेली यंत्रे संगणक कक्षाची अर्धी जागा अडवून बसतात. देणाऱ्याने तीन वर्षांनी येऊन तपासणी करण्याचे, बंद यंत्रांची यादी मुख्याध्यापकांना करून देण्याचे आणि निर्लेखन मंजूर झाल्यावर ती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या पुनर्चक्रण केंद्रापर्यंत स्वखर्चाने नेण्याचे लिहून द्यावे. कंपन्यांना हे सहज जमते. घरगुती देणगीदाराने निदान आपला फोन क्रमांक त्या कलमाखाली लिहावा.